सफरचंदाच्या झाडाखालची यादी

१९९९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, युनियनटाऊन नावाच्या जेमतेम तीनशे वस्तीच्या गावात, नॉर्मन कॉनर्ड या शिक्षकांनी काही विद्यार्थिनींच्या हाती एक कात्रण ठेवलं. १९९४ च्या साप्ताहिकातलं. इरेना सेंडलर नावाच्या पोलिश बाईंनी वॉर्साच्या घेट्टोतून २५०० ज्यू मुलं बाहेर काढली, असं त्यात म्हटलं होतं. तिथे हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे आकडा छापताना चुकला असावा, अशी कॉनर्डना शंका आली. खरंखोटं शोधून काढा, असं त्यांनी मुलींना सांगितलं. त्या शोधातून एक छोटं नाटक उभं राहिलं, ‘लाइफ इन अ जार’, म्हणजे बरणीतलं आयुष्य. तेव्हापासून सेंडलरबाईंचं नाव निघालं की वर्गात बरणी येतेच.

ती बरणी कशासाठी होती, हे मात्र नीट सांगायला हवं.

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्साचा घेट्टो बंद केला आणि चार लाखांहून जास्त माणसं आत कोंडली. टायफस शहरात पसरेल या धास्तीने त्यांनी काही पोलिश आरोग्य कर्मचाऱ्यांना आत जाण्याचे पास दिले. नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात काम करणाऱ्या सेंडलर आणि त्यांच्या सहकारी इरेना शुल्त्स या पासवर आत जाऊ लागल्या. जुलै १९४२ मध्ये ट्रेब्लिंका मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या, तेव्हा मुलं बाहेर काढण्याला वेग आला. रुग्णवाहिकेतून, गटारांतून, दोन्ही बाजूंना दारं असलेल्या न्यायालयाच्या इमारतीतून मुलं बाहेर पडली. एल्झ्बिएता ही काही महिन्यांची मुलगी विटांच्या गाडीत, भोकं पाडलेल्या लाकडी पेटीतून आली. सोबत चांदीचा चमचा होता, त्यावर तिचं लाडाचं नाव आणि जन्मतारीख कोरलेली होती.

बाहेर आल्यावर मुलाला नवं नाव, बाप्तिस्म्याचा खोटा दाखला आणि तोंडपाठ कॅथलिक प्रार्थना मिळे. मग एखादं घर, अनाथालय किंवा मठ. ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता, तरी दारं उघडली गेली. डिसेंबर १९४२ मध्ये स्थापन झालेली झेगोता ही गुप्त संघटना या घरांना पैसे पुरवी. कुणाचं मूल कुठे आहे, खरं नाव काय, नवं काय, हे पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलेलं असे. यादीचा रोजचा उपयोग पैसे पोहोचवण्याचा होता. दुसरा उपयोग युद्ध संपल्यावरचा होता: मूल आपल्या माणसांना परत देता यावं.

ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मन गुप्त पोलीस, गेस्टापो, दारात आले, तेव्हा सेंडलरनी ते कागद मैत्रीण यानिना ग्राबोव्स्काकडे फेकले. तिने ते अंगावरच्या कपड्यांत लपवले. तुरुंगात सेंडलरचा अतोनात छळ झाला. त्यांनी एकही नाव सांगितलं नाही. झेगोताने लाच देऊन त्यांना सोडवलं आणि पुढे त्या खोट्या नावाने लपून राहिल्या. कागद एका मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरले गेले. काही आठवणींत बरणी आहे, काहींत बाटली.

युद्धानंतर यादी झेगोतातले ज्यू प्रतिनिधी आदोल्फ बेर्मान यांच्याकडे गेली. पुढची कितीतरी वर्षं पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीला लंडनस्थित निर्वासित पोलिश सरकारशी जोडलेल्या झेगोताचं कौतुक नको होतं. तरीही १९६५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेने सेंडलरना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ म्हणून गौरवलं. त्यामुळे कॅन्ससच्या मुलींनी त्यांना ‘शोधून काढलं’ हे म्हणणं मला पटत नाही. मुलींनी केलं ते वेगळं आणि मोठं होतं. सेंडलर वारल्या असतील असं समजून त्यांनी कबरीची चौकशी केली, तेव्हा बाई वॉर्सात हयात असल्याचं कळलं. पत्रं सुरू झाली. २००१ मध्ये मुली भेटायला गेल्या. प्रयोगाच्या वेळी त्या एक बरणी ठेवत आणि त्यात पोलंडमधल्या अशा वृद्ध मदतकर्त्यांसाठी पैसे जमत. पैसे पोहोचवणाऱ्या यादीच्या बरणीला याहून योग्य वारस मिळाला नसता.

पण हा धडा शाळांतून जसजसा फिरला तसतशी गोष्ट एका बाईची होत गेली. सेंडलर मे २००८ मध्ये वारल्या. आपण एकट्या नव्हतो, आणि आणखी करायला हवं होतं, हे त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. २०१७ मध्ये पोलिश पत्रकार आन्ना बिकोंत यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि २५०० हा आकडा वाढीव असल्याचं मत मांडलं. काहींना हे आवडलं नाही. माझ्या मते शिक्षकांनी हेही वर्गात न्यावं, कारण आकडा कमी झाल्याने ग्राबोव्स्का किंवा मठातल्या धर्मभगिनी यांचं धाडस तसूभरही घटत नाही.

आणि धडा १९४५ ला थांबू नये. यादीतल्या बहुतेक मुलांचे आईवडील ट्रेब्लिंकात मारले गेले होते. कुणाचे दूरचे नातेवाईक निघाले, कुणी अनाथालयात गेलं, तर कुणाला, जिला आई म्हणायला शिकलो, तिचं घर सोडवत नव्हतं. विटांच्या गाडीतून आलेल्या एल्झ्बिएताला सेंडलरच्या सहकारी सुईण स्तानिस्वावा बुसोल्द यांनी वाढवलं. आपला जन्म ज्यू घरातला, हे तिला सतरा वर्षांची असताना कळलं. पुढे एल्झ्बिएता फित्सोव्स्का या नावाने ती पोलंडमधल्या ‘होलोकॉस्टची मुलं’ या संघटनेची अध्यक्ष झाली.