निळा ठिपका आणि क्वेसारचे दोन पत्ते

मी संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालचा. गावी मॅप उघडला की निळा ठिपका चार-पाच मीटर इकडेतिकडे करून घरावर येऊन बसतो. जागा उपग्रह सांगतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण उपग्रहाची कक्षा मोजतात आकाशातल्या स्थिर चौकटीत, आणि आपण राहतो फिरत्या पृथ्वीवर. या क्षणी पृथ्वी नेमकी किती फिरली आहे हे कळल्याशिवाय हे गणित जमिनीवर उतरत नाही. आमच्या गावाच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे 434 मीटर पूर्वेकडे सरकते. म्हणजे मिलिसेकंदाची चूक झाली, तर जमिनीवर 43 सेंटीमीटरचा फरक. जीपीएसला हे एकट्याने सांभाळता येत नाही, कारण पृथ्वी जास्त फिरली की उपग्रहांच्या कक्षाच सरकल्या, हे त्याला वेगळं ओळखता येत नाही.

न हलणाऱ्या खुणा

त्यासाठी क्वेसार लागतात. दूरच्या दीर्घिकांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं, त्यात पडणारा वायू तापून झळाळतो. अब्जावधी प्रकाशवर्षं लांब असल्याने ते जागचे हललेले दिसत नाहीत. 2019 पासून वापरात असलेल्या आयसीआरएफ-3 या यादीत असे 4536 रेडिओ स्रोत आहेत, आणि त्यातल्या 303 स्रोतांवर आकाशाची चौकट बांधलेली आहे.

रेडिओ स्रोताची जागा काढायची आणि मग दुर्बिणीच्या फोटोत तिथे काय दिसतं ते शोधायचं, हे काम आपल्याकडेही जुनं आहे. टीआयएफआरच्या गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ऊटीला 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी राहिली, 1970 मध्ये. चंद्र स्रोतासमोर आला की सिग्नल बुडतो. तो क्षण आणि चंद्राच्या कडेची जागा माहीत असली की स्रोताचा पत्ता मिळतो. काय डोकं आहे! पुढे त्यांनीच नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी उभारली: 45 मीटरच्या 30 डिश, 25 किलोमीटरवर पसरलेल्या. चौकटीच्या कामाला मात्र एवढा पसाराही पुरत नाही. तिथे वेगवेगळ्या खंडांवरच्या डिश एकाच वेळी एकाच क्वेसारकडे वळवतात, म्हणजे दुर्बीण जवळपास पृथ्वीएवढी होते.

दुसरा पत्ता

डिसेंबर 2013 मध्ये युरोपचं गाया यान गेलं. आरसा जेमतेम 1.45 मीटर लांबीचा, पण साध्या प्रकाशात त्याने 16 लाखांहून जास्त क्वेसारसदृश स्रोतांच्या जागा मोजल्या. आमच्या क्षेत्रात दोन डेटाबेसमध्ये एकाच ग्राहकाचा पत्ता वेगळा निघाला की एक चुकीचा धरतात. इथेही बहुतेक पत्ते जुळतात. काही मात्र जुळत नाहीत, आणि त्यांच्यातला फरक मोजमापाच्या त्रुटीपेक्षा मोठा असतो: साधारण एक मिली-आर्कसेकंद, कधी जास्त. वरवट बकालहून बघताना दिल्लीत ठेवलेला ज्वारीचा दाणा जेवढा दिसेल, तेवढा!

2017 साली कोवालेव, पेत्रोव आणि प्लाविन यांनी या फरकाची दिशा तपासली. चूक असती तर ती कुठल्याही दिशेला गेली असती. पण फरक बहुतेक वेळा कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोताच्या रेषेत निघाला, कधी पुढे, कधी मागे.

कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. रेडिओ दुर्बिणीला झोताच्या बुडाजवळचा तेजस्वी भाग दिसतो. अगदी कृष्णविवराला खेटून नाही, कारण तिथला झोत स्वतःच्याच रेडिओ लहरी शोषून घेतो. गायाला बारकावे दिसत नाहीत, ते सगळ्या उजेडाचा मध्य काढतं. झोत प्रकाशातही झळकत असेल तर हा मध्य झोताच्या दिशेने पुढे ओढला जातो. वायूची तापलेली तबकडीच जास्त उजळ असेल, तर तो मागे, कृष्णविवराकडे येतो. दुर्बिणीला तबकडी आणि झोत वेगळे दिसत नसले, तरी उजेड कुणाचा जास्त हे या फरकावरून ताडता येतं. मला यातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

गायाची चौकट रेडिओच्या चौकटीशी जुळवताना फार फरक पडणारे स्रोत बाजूला ठेवले जातात, नाहीतर सगळी चौकटच किंचित फिरेल. गायाची निरीक्षणं 15 जानेवारी 2025 ला थांबली. रेडिओवाल्यांना सुट्टी नाही. पृथ्वी किती फिरली हे तपासायला दूरदूरच्या देशांतल्या दोन-तीन डिश रोज तासभर क्वेसारांकडे वळतात.