१२ मे : सुप्यात जळाली कर्जखते

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले. त्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली, कर्जखते आणि खातेवह्या मागितल्या आणि त्या जाळल्या. उठावाचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पोचले.

या रागाचा नेम विलक्षण अचूक होता. माणसांच्या जिवापेक्षा रोख होता तो कागदावर. खतावरचा मजकूर सावकाराचा. कुणब्याची त्यावर फक्त नांगराची निशाणी. काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नव्हते, आणि कोर्टात तोच कागद खरा ठरत होता.

सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती हे तपासण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याला पावती मागण्याचा हक्क मिळाला. हे सुप्याच्या शेतकऱ्यांचे मोठे देणे आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यातही परवाना, हिशेब आणि पावती हेच कळीचे मुद्दे आहेत. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.