जवारी आणि लेसरची खरखर

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली आहे कधी? कारागीर घोडीचा माथा कानसेने इतका जपून घासतो की तार एका जागी टेकत नाही, हलकी घसटत राहते, आणि एका स्वरातून अनेक स्वर उमटतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम इथे उभे केले. मी साताऱ्याचा, नोकरी सांगली जिल्ह्यात. शिकवतो उर्दू-मराठी, विज्ञान नव्हे. तरी एका मुलीने विचारले, "सर, लेसर एकाच रंगाचा शुद्ध प्रकाश ना? मग त्यात शोर कुठून येतो?"

आमच्या व्याख्यानांत प्रकाशाची गोष्ट बसऱ्याच्या इब्न अल-हैसमपासून सुरू होते आणि हजार वर्षांपूर्वी तिथेच संपते. मीही तशीच सांगत आलो. तेहरानमध्ये जन्मलेल्या अली जावान यांनी १९६० च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅबमध्ये वायूचा पहिला लेसर चालवला, हे मला स्वतःलाच उशिरा कळले. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांच्या चमूने अर्धवाहकाचा लेसर केला. तो थंडगार ठेवावा लागे. साध्या तापमानात अखंड चालणारा १९७० मध्ये आला.

हा लेसर मोहरीच्या दाण्याहून लहान, पण स्वभावाने चंचल. त्यात काही प्रकाशकण आपोआप, वेळ न बघता निसटतात आणि चाललेल्या स्वराला धक्का देतात. शिवाय विद्युतकणांची संख्या हलली की पदार्थाचा अपवर्तनांकही हलतो, म्हणून तेजातला थरकाप रंगातही उतरतो. १९८२ मध्ये चार्ल्स हेन्री यांनी हे उलगडले. साध्या रचनेचा लेसर तर जवारीसारखे अनेक रंग एकदम काढतो, आणि ते आपापसांत शक्ती वाटून घेताना खरखर वाढते. उपाय असा की आतच बारीक खाचांची जाळी कोरायची, म्हणजे एकच तरंगलांबी टिकते.

एवढी काटेकोर शुद्धता कुणाला हवी? नारायणगावजवळच्या खोडदला. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तिथल्या महादुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, एकमेकींपासून जास्तीत जास्त सुमारे २५ किलोमीटर अंतरापर्यंत पसरलेल्या. आकाशातला क्षीण रेडिओ-संदेश लेसरच्या प्रकाशावर बसवून काचेच्या तंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो, तिथे वेगवान प्रकाशशोधक त्याचा पुन्हा विद्युतप्रवाह करतो. लेसरची खरखर तिथे आकाशगंगेच्या आवाजात मिसळते. जोडणीवरून थोडा प्रकाश उलटा लेसरमध्ये शिरला तरी तो आणखी बिथरतो. प्रकाशशोधकही निर्दोष नाही. प्रकाशकण एकेक करून येतात, पत्र्यावरच्या पावसासारखे, म्हणून थोडी टपटप राहतेच.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला लोकांना आत सोडतात. साताऱ्याहून पहाटे निघालो तर मुलांना सगळे दाखवून रात्री परतता येईल, एवढाच माझा हिशेब.

त्या मुलीला हे सांगितले तर तिचा पुढचा प्रश्न तयार : "मुद्दाम अनेक स्वर हवे असतील तर?"

दोन दिवस वाचावे लागले. तसा लेसरही आहे. त्याचे रंग कंगव्याच्या दातांसारखे अगदी समान अंतरावर उमटतात, आणि प्रकाशाची कंपने त्यावर मोजतात. त्या कामासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हान्श यांना २००५ चे नोबेल मिळाले. ती म्हणाली, "म्हणजे जवारी काढलेला लेसर." मी फळा पुसला आणि ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले.