डेव्हलपरला ऑपरेटिंग सिस्टीम आणि सर्व्हर शिकायची गरज आहे का?

कोडिंग शिकायला लागलं की हा प्रश्न पडतोच: "मला ॲप बनवायचंय, मग लिनक्स आणि सर्व्हर कशाला शिकू?" थोडक्यात उत्तर असं: सर्व्हर ॲडमिन व्हायची गरज नाही, पण आपला कोड ज्या मशीनवर चालतो ते मशीन समजलं पाहिजे.

का शिकायचं?

लॅपटॉपवर नीट चालणारं ॲप सर्व्हरवर बंद पडतं, तेव्हा चूक कोडमध्येच असते असं नाही. लॉग फाइल्सनी डिस्क भरलेली असते, फोल्डरमध्ये लिहायची परमिशन नसते, किंवा रॅम संपल्यामुळे लिनक्सनेच तुमची प्रोसेस बंद केलेली असते. हे माहीत नसेल, तर तुम्ही चांगलाच कोड पुन्हा पुन्हा तपासत बसता.

एक खरं उदाहरण

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरने डेटा डिलीट करायची कमांड चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवर चालवली. काही सेकंदांत सुमारे ३०० जीबी डेटा गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर तोही नव्हता! बॅकअप घेणारं टूल पोस्टग्रेस ९.२ चं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप फेल होत होता आणि कुणाला कळलंच नव्हतं. शेवटी नशिबाने ६ तासांपूर्वीची एक कॉपी सापडली. कोड वाचला, पण मधल्या ६ तासांतल्या कमेंट्स आणि नवीन अकाउंट्स गेले.

किती शिकायचं?

- प्रोसेस आणि मेमरी: मशीनवर काय चालू आहे, किती रॅम खातंय
- युजर आणि परमिशन: कोणती फाइल कोण वाचू किंवा बदलू शकतं
- नेटवर्क: पोर्ट, डीएनएस, फायरवॉल
- लॉग: एरर आल्यावर आधी कुठे बघायचं
- बॅकअप: घेणं आणि तो रिस्टोअर करून बघणं

पण आता क्लाउड आहे ना?

आहे. हार्डवेअर क्लाउड कंपनी सांभाळते. पण प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, डेटाबेस कुणाला उघडा ठेवायचा, हे तुम्हीच ठरवता. तिथे चूक झाली तर डेटा तुमच्या युजर्सचा जातो.

सुरुवात कुठून?

तुमच्या खिशातूनच! अँड्रॉइड लिनक्स कर्नलवरच चालतं. टर्मक्स हे फ्री ॲप टाका आणि रोज दोन-तीन कमांड्स करून बघा. मात्र डिलीटची कमांड देण्याआधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, ते नक्की तपासा.