अकोटचं घर, नागपूरचा कायदा

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी चार वऱ्हाडी मंडळी एकत्र आली की एक विषय हमखास निघतो. गावाकडचं घर. अकोटला, अंजनगावला, नाहीतर अकोल्याच्या जुन्या शहरात आजोबांनी बांधलेलं. त्यातल्या दोन खोल्यांत किंवा पुढच्या दुकानात तीस-चाळीस वर्षांपासूनचा भाडेकरू, भाडं आपल्या एका पिझ्झ्याच्या बिलाएवढं, आणि भिंतींना कित्येक वर्षांत गवंड्याचा हात लागलेला नाही. मालक म्हणतो, भाडेकरू चिकट आहे. भाडेकरू म्हणतो, मालक कंजूष आहे.

मला वाटतं, दोघंही एका जुन्या कायद्याच्या सवयीनं वागतायत. तो कायदा जाऊन पंचवीस वर्षं उलटली, पण सवय गेली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम बंद झाली, युजर्स अजून जुनंच मॅन्युअल वाचतायत.

आधी थोडा इतिहास. भाडं गोठवण्याची कल्पना युद्धातून आली. १९१५ साली ग्लासगोमध्ये भाडेवाढीविरुद्ध बायकांनी पुढाकार घेऊन संप केला आणि ब्रिटिश सरकारला भाडी बांधून द्यावी लागली. मुंबईत असा कायदा १९१८ साली आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर शहरांत घरांची टंचाईच झाली, त्यात फाळणीनंतर निर्वासित आले. मग १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा झाला.

पण अकोटला तो कधीच लागू नव्हता! १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि आपली राजधानी झाली नागपूर. त्यामुळे घरभाड्याचे नियमही नागपुरात ठरले : मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा कायदा आणि त्याखालचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी विदर्भात हाच आदेश चालू राहिला. मराठवाड्यात तिसराच, हैदराबादचा १९५४ चा कायदा. म्हणजे एका राज्यात भाड्याचे तीन कायदे, थेट २००० सालापर्यंत.

नागपूरच्या आदेशात काय होतं? मालक किंवा भाडेकरू यांपैकी कुणीही अर्ज केला की भाडे नियंत्रक रास्त भाडं ठरवून देणार. भाडेकरूला नुसती घर सोडण्याची नोटीस द्यायची तरी आधी नियंत्रकाची परवानगी हवी. ती मिळाली की नोटीस, मग दिवाणी कोर्टात दावा. एका घरासाठी दोन लढाया. शिवाय जिथे तो भाग लागू होता तिथे घर रिकामं झालं की सरकारला कळवायचं, आणि सरकार ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला द्यायला सांगू शकायचं. रिकामं घर बऱ्याच मालकांना धोक्याचं का वाटायचं, ते यावरून कळतं.

परवानगी कशासाठी मिळायची? तीन महिन्यांचं भाडं थकलं, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला घर हवं... आणि आणखी एक कारण : माणूस आत असताना करताच येणार नाही अशी गरजेची दुरुस्ती.

सगळी गोम इथे आहे. एकदा दुरुस्ती हे घर रिकामं करून घेण्याचं कारण ठरलं, की भाडेकरूला गवंडी दिसला तरी धडकी भरणार. तो म्हणणार, गळतंय तर गळू द्या. मालकाचाही हिशोब सरळ : भाडं वाढणार नाही, मग खर्च कशाला? पडेल तेव्हा आपोआप मोकळं होईल. दोघांनाही दुरुस्ती नको झाली. घर मात्र वाट बघत नाही. धाब्याच्या घरावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते. चार वर्षं चुकवली की लाकूड कुजतं.

१९९७ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या कायद्यातलं गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलं नाही असं स्पष्ट सांगितलं. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि तिन्ही जुने कायदे गेले. घर गावाकडे आणि आपण हिंजवडीत असं असेल, तर यातल्या पुढच्या गोष्टी माहीत हव्यातच.

एक, घर नीट ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्यानं नाही केलं, तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.

दोन, मोठ्या दुरुस्तीसाठी घर रिकामं करून घेता येतं, पण काम झाल्यावर परत येण्याचा हक्क भाडेकरूला कोर्टाकडून राखून घेता येतो. म्हणून गवंड्याला फोन करण्याआधी भाडेकरूला पत्र द्या : कोणती खोली, किती दिवस, आणि तुम्ही इथेच राहणार आहात. या शेवटच्या ओळीनं निम्मं भांडण मिटतं.

तीन, भाडेकरूनं ओटा घातला, हवेसाठी खिडकी पाडली, एसी बसवला, तर ते कायद्याच्या भाषेत पक्कं बांधकाम नाही. नगरपरिषदेची परवानगी लागत असेल तर ती मात्र त्यानं घ्यावी. तेवढ्यावरून कोर्टात धावू नका.

चार, भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. १०० रुपयांचं भाडं दरवर्षी वाढवत नेलं तर २५ वर्षांनी साधारण २६७ होतं. यातून श्रीमंत कुणी होत नाही, पण पावती फाडायची सवय राहते. पावती देणं तसंही बंधनकारक आहे.

पाच, नवा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला" हे वाक्य म्हणूनच सगळ्यात महाग.

पैसे कमी असतील तर कामाचा क्रम पाळा. आधी पाणी, मग छत, शेवटी रंग. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे त्यानंच जातात. पायाशी पाणी साचत असेल तर गिलावा कितीही करा, पुढच्या वर्षी तडा हजर. तड्यावर पेन्सिलनं तारीख घाला, एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघा, मगच बुजवा. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, ओल आत कोंडते.

जुना भाडेकरू म्हणजे शत्रू नव्हे. घराचे सगळे वारस नोकरीसाठी बाहेर पडले तेव्हा रोज संध्याकाळी त्या घरात दिवा त्यानंच लावला. त्याचं वयही आता सत्तरीकडे आलेलं असतं, आणि छत पडलं तर ते आधी त्याच्याच डोक्यावर पडणार आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा भाड्याचा विषय दुसऱ्या दिवशी काढा. पहिल्या दिवशी त्याच्यासोबत धाब्यावर चढा आणि कुठे गळतं ते विचारा. त्याला नक्की माहीत असतं.