पडद्यावरची साथ

साथींचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय. 2020च्या टाळेबंदीत मी 1897च्या पुण्यातील प्लेगवर टिपणे काढत बसलो होतो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, अशी एक साथ आमच्या गेममध्येही येऊन गेली आहे." मी हसून विषय बदलला. पुढे कळले की त्या घटनेवर वैद्यकीय नियतकालिकांत निबंध छापून आले आहेत. ते मिळवून वाचले आणि माझे हसू मावळले.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर 2004मध्ये आणला. देशोदेशीचे खेळाडू त्यात एकत्र वावरतात, टोळ्या बांधतात, व्यापार करतात, चौकात गप्पा छाटतात. सप्टेंबर 2005मध्ये कंपनीने त्यात 'झुलगुरूब' हे नवे ठिकाण उघडले. तिथला रक्तपिपासू देव हक्कार चालून येणाऱ्यांना 'करप्टेड ब्लड', म्हणजे दूषित रक्ताची बाधा करी. ती शेजारी उभ्या असलेल्यालाही लागे. कसलेली पात्रे ती कशीबशी सोसत. नवखी काही क्षणांत मरत. बाधा त्या ठिकाणापुरतीच राहावी, अशी कंपनीची योजना होती.

योजनेत एक फट राहिली. शिकारी पात्रांजवळ पाळीव प्राणी असतात. बाधित प्राण्याला खेळाडूने तात्पुरते परत पाठवले, तरी बाधा त्याच्या अंगात तशीच राही. शहरात त्याला पुन्हा बोलावले की ती गर्दीत मोकळी सुटे. शहरांतली संगणकाने चालवलेली पात्रेही बाधित होत, पण मरत नसत. ती मूक वाहक बनली. आयर्नफोर्ज, ऑरग्रिमारसारख्या शहरांत सांगाड्यांचा खच पडला. कंपनीने विलगीकरण करून पाहिले, लोकांनी ते जुमानले नाही. अखेर खेळाचे नियमच बदलले, तेव्हा कुठे साथ थांबली.

मला खिळवून ठेवले ते माणसांच्या वागण्याने. कोणी शहर सोडून रानात पळाले, आणि त्यांच्यातले काही बाधा बरोबर घेऊन गेले. कोणी केवळ बघायला आले आणि बाधित झाले. काहींनी मुद्दाम गर्दीत शिरून रोग पसरवला. आणि उपचाराची विद्या असलेले काही जण आपणहून रुग्णांपाशी धावले. मुंबईत 1896मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले होते. पुण्यात सोल्जरांच्या घरझडतीच्या धास्तीने रुग्ण लपवले जात होते. माझ्या टिपणांतली माणसे मला इथे निराळ्या वेषात भेटत होती.

खेळांच्या इतिहासात याची चाहूल आधीच लागली होती. 1978मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांच्या हातून 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ शब्दांतला खेळ घडला. पुढे 1996मध्ये बार्टलने अशा खेळांतल्या माणसांचे चार प्रकार सांगितले: यश मिळवणारे, धुंडाळणारे, माणसे जोडणारे आणि इतरांना छळणारे. साथीत बघायला आलेले, मदतीला धावलेले आणि रोग पसरवणारे या वर्गवारीत सहज बसतात.

2007मध्ये रॅन बालिसर यांनी 'एपिडेमिऑलॉजी'त, तर एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन यांनी 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये या घटनेवर लिहिले. मुद्दा साधा आहे. साथीची गणिते मांडताना माणूस ऐन वेळी काय करील हे पकडणे फार अवघड. खऱ्या वस्तीत रोग सोडून प्रयोग करता येत नाही. खेळात मात्र हजारो खरी माणसे खरे निर्णय घेत होती.

खेळातले मरण खोटे, मग निर्णय खरा कसा, हा आक्षेप रास्त आहे. मेलेले पात्र पुन्हा उठते. गमावतो तो वेळ आणि थोडी कमाई. म्हणून धाडस स्वस्त होते आणि दुष्टपणाही. हा फरक मला विसरता येत नाही, कारण माझ्या टिपणांत सावित्रीबाई फुले आहेत. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. त्यांच्यासाठी कोणी नियम बदलणार नव्हते.

तरीही आता मी भाच्याला हसत नाही. पडद्यावर मरण खोटे असले, तरी भीती, कुतूहल, खोडसाळपणा आणि दुसऱ्यासाठी धावणे हे सगळे खेळाडू घरूनच घेऊन आले होते. ते खेळाने त्यांना शिकवले नव्हते. साथींचा इतिहास लिहिताना जंतूइतकीच या शिदोरीचीही नोंद ठेवावी लागते, हे मला त्या पोराने शिकवले.