घरचा जाणकार आणि बाहेरचा तंत्रज्ञ : लहान पेढ्यांच्या यंत्रसेवेचा इतिहास

संगणक सांभाळणारी दोन-तीन माणसे पदरी असतानाही एखाद्या लहान पेढीने बाहेरच्या तंत्रसंस्थेशी करार करावा, हा वरवर पाहता दुहेरी खर्च वाटतो. परंतु या व्यवस्थेचा पूर्वेतिहास तपासला असता तिच्यामागे दोन निराळ्या ज्ञानांची विभागणी आढळते. एक यंत्राचे ज्ञान आणि दुसरे कामाचे ज्ञान. पहिले बाहेरून विकत मिळते. दुसरे त्या त्या पेढीतच घडते. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी आणि ती कोणी आखावी, हा वाद शतकाहून अधिक काळ चालत आलेला आहे.

त्याचा आरंभ यंत्राच्या मालकीपासून झाला. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची पंचकार्डांची यंत्रे वापरली गेली व १८९६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. ही यंत्रे भाड्याने दिली जात. साहजिकच दुरुस्तीही कंपनीची माणसेच करीत. कार्डांना छिद्रे पाडणारा कारकून ग्राहकाचा, यंत्र उघडणारा कारागीर कंपनीचा, अशी वाटणी रूढ झाली. याच परंपरेतून वाढलेल्या आयबीएमला १९५६ च्या न्यायालयीन संमतिनाम्याने यंत्रे विकण्यास आणि स्वतंत्र दुरुस्ती करणारांना सुटे भाग पुरविण्यास बांधून घेतले. तसेच ग्राहकांची कामे आपल्या यंत्रांवर करून देण्याचा व्यवसाय तिला वेगळ्या उपकंपनीकडे सोपवावा लागला. यंत्र बनविणारा, ते सांभाळणारा आणि त्यावर काम करून देणारा हे तिघे एकच असले पाहिजेत असे नाही, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य झाले.

लहान पेढ्यांच्या दृष्टीने तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व अधिक. १९४९ मध्ये न्यू जर्सीतील पॅटरसन येथे हेन्री टॉब यांनी इतरांची पगारपत्रके करून देणारी एक छोटी संस्था काढली. हीच पुढे ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग या नावाने प्रसिद्धीस आली. अशी सेवा घेतल्याने पेढीच्या हिशेबनिसाचे काम संपत नसे. कोण किती तास कामावर होता, कोणाची कोणती वजावट करावयाची, नवा मनुष्य कोणत्या दराने लागला, हे बाहेरच्यास त्याने सांगितल्यावाचून कळणे शक्य नव्हते. बेरीज बाहेर गेली. बेरजेचा अर्थ घरातच राहिला.

इंग्लंडमधील लिओ यंत्राची कथा याच्या उलट दिशेने जाते. चहागृहे व बेकऱ्या चालविणाऱ्या जे. लायन्स कंपनीत कार्यालयीन पद्धतींचा अभ्यास करणारा विभाग गणकयंत्राच्या आधीपासून होता. कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक यंत्राच्या उभारणीस ३,००० पौंडांचे साहाय्य दिले, तेथील ज्ञानाचा लाभ घेतला आणि स्वतःचे यंत्र बांधले. नोव्हेंबर १९५१ पासून त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन होऊ लागले. पुढे फोर्ड कंपनीच्या डॅगनहॅम येथील कामगारांची पगारपत्रकेही लिओवर होऊ लागली. एका पेढीचा घरचा जाणकार दुसरीचा बाहेरचा तंत्रज्ञ झाला. हे साधले याचे कारण असे की, लायन्सच्या माणसांना यंत्राइतकीच कचेरीची रीत ठाऊक होती.

भारतात हा प्रश्न निकडीचा झाला तो १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यामुळे. भागभांडवलासंबंधीच्या अटी मान्य न झाल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवसाय आवरला. तिची यंत्रे मात्र ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत चालूच होती. त्यांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने हाती घेतली. बाहेरचा तंत्रज्ञ बदलला, तरी काम खंडित झाले नाही. तिकडे मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सेंट्रल बँकेच्या शाखांमधील परस्पर नोंदींचा मेळ घालण्याचे काम पत्करले होते. पुढे २००१ मध्ये वरील सरकारी कंपनी टाटा समूहाकडे आली आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

१९८१ नंतर वैयक्तिक संगणक लहान कचेऱ्यांतही पोहोचले, आणि ते सांभाळणारा मनुष्य नोकरीत ठेवणे त्यांना भाग पडू लागले. आरंभी यंत्र बिघडले की बाहेरून माणूस बोलवावयाचा, ही पद्धत होती. पुढे वार्षिक देखभालीचे करार रूढ झाले; जाळे जोडले गेल्यावर मासिक शुल्क घेऊन दुरूनच यंत्रांवर लक्ष ठेवण्याची सोय झाली. 'दुरुस्ती' बिघाडानंतर येते, 'देखभाल' त्याच्या आधी सुरू होते. करारांच्या भाषेतील हा फरक व्यवसायाच्या स्वरूपातील फरकही दाखवितो. आता रात्रीची पाळत, माहितीच्या राखीव प्रती आणि सुरक्षेची विशेष कामे बाहेर द्यावी, कर्मचाऱ्यांच्या रोजच्या अडचणी व पेढीची स्वतःची प्रणाली घरच्यांनी पाहावी, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी आढळते.

परंतु दुरून देखभाल करावयाची तर किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. २ जुलै २०२१ रोजी कसेया कंपनीच्या दूरदेखभालीच्या साधनातून खंडणीखोर संगणकविषाणूचा प्रसार झाला. तंत्रसेवा पुरविणाऱ्या साठाहून कमी संस्था प्रत्यक्ष बाधित झाल्या. परंतु त्यांच्यामार्फत ८०० ते १,५०० व्यवसायांना, बहुतांशी लहान पेढ्यांना, त्याची झळ पोहोचली. स्वीडनमध्ये कूप या साखळीतील शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली, कारण तेथील रोकडयंत्रे चालेनाशी झाली होती. कूप ही कसेयाची थेट ग्राहकही नव्हती.

यावरून बाहेरचे साहाय्य टाळावे असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रात्रंदिवस जागता पहारा ठेवणे दोन-तीन माणसांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तथापि कोणती किल्ली कोणाकडे आहे, राखीव प्रत कोठे आहे आणि बाहेरचा तंत्रज्ञ उद्या बदलला तर त्यास काय सांगावयाचे, हे जाणणारा एक तरी मनुष्य पेढीत असावा लागतो. पॅटरसनच्या हिशेबनिसाकडे हेच काम होते. त्याची जागा खर्चाच्या यादीत अनावश्यक ठरवून जी पेढी रिकामी करते, ती बाहेरून सेवा विकत घेत नाही. ती आपला कारभारच बाहेरच्याच्या स्वाधीन करते.